अल्पखर्ची गेमिंग संगणक

अल्पखर्ची गेमिंग संगणक म्हणजे मर्यादित रकमेत, सुटे भाग निवडून व जोडून तयार केलेला आणि प्रामुख्याने व्हिडिओ गेम खेळण्यासाठी वापरला जाणारा वैयक्तिक संगणक होय. भारतीय बाजारात अशा संगणकाला 'असेम्बल्ड पीसी' म्हटले जाते. नेहमीच्या कार्यालयीन संगणकापेक्षा तो मुख्यतः स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि ते पेलू शकणारा वीजपुरवठा या दोन गोष्टींमुळे वेगळा ठरतो. 'अल्पखर्च' ही सापेक्ष संज्ञा असून तिची निश्चित मर्यादा नाही. सर्वांत महागडे भाग टाळून, लोकप्रिय गेम १९२० × १०८० पिक्सेल विभेदनावर (१०८०पी) समाधानकारक वेगाने चालवणे हे उद्दिष्ट मात्र बहुतेक जुळण्यांमध्ये समान असते.

या जुळणीतील खरा प्रश्न कोणता भाग सर्वोत्तम आहे हा नसतो. कोणत्या भागावरील तडजोड पुढे भरून काढता येईल आणि कोणत्या भागावर वाचवलेले पैसे नंतर दुप्पट मोजावे लागतील, हा असतो. रॅम वाढवता येते, ग्राफिक्स कार्ड बदलता येते. परंतु चुकीचा मदरबोर्ड पुढील सर्व वाटा बंद करतो आणि निकृष्ट एसएमपीएस इतर भागांनाही नष्ट करू शकतो.

पार्श्वभूमी

सुट्या भागांतून संगणक जोडण्याची पद्धत आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आणलेल्या वैयक्तिक संगणकाच्या खुल्या रचनेतून रुजली. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स या मानकामुळे मदरबोर्ड, कॅबिनेट व वीजपुरवठा यांची मापे ठरली आणि वेगवेगळ्या उत्पादकांचे भाग एकमेकांत बसू लागले.

स्वस्त भागातून महागड्या भागाइतके काम काढणे ही या छंदाची जुनी ओढ आहे. १९९८ मधील इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर त्याचे अभिजात उदाहरण मानला जातो. ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झच्या बसवर चालवल्यास अनेकदा ४५० मेगाहर्ट्झवर स्थिर राहत असे व त्या वेळच्या कितीतरी महाग पेंटियम २ शी बरोबरी करत असे. २०१४ मध्ये आलेल्या पेंटियम जी३२५८ या प्रोसेसरनेही तशीच आशा निर्माण केली. त्याचा वेग वाढवण्यास मुभा होती, पण गाभे दोनच होते. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला फार क्राय ४ हा गेम दोन धाग्यांच्या प्रोसेसरवर सुरूच होत नसे. ज्यांनी केवळ त्या दिवसाच्या चाचण्या पाहून खरेदी केली होती, त्यांना काही महिन्यांतच ही मर्यादा जाणवली. २०१७ च्या प्रारंभी आलेल्या ६४ डॉलरच्या पेंटियम जी४५६० मध्ये दोन गाभे व चार धागे मिळू लागले. त्याच वर्षी मार्चपासून एएमडीच्या रायझन मालिकेमुळे चार व सहा गाभ्यांचे प्रोसेसर सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले.

यानंतरच्या काळात अल्पखर्ची जुळणीला सर्वांत मोठा फटका प्रोसेसरमुळे नव्हे, ग्राफिक्स कार्डांच्या टंचाईमुळे बसला. कूटचलनाच्या खाणकामासाठी कार्डांना मागणी वाढल्याने २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२०-२२ मध्ये ती जाहीर किमतीपेक्षा बरीच महाग विकली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम जाळ्याने खाणकामाची पद्धत सोडल्यावर ही मागणी ओसरली.

उद्दिष्ट आणि खर्चाची विभागणी

भागांची निवड मॉनिटर व गेम यांपासून सुरू करणे इष्ट असते. व्यवहारात मात्र ती अनेकदा प्रोसेसरच्या नावापासून सुरू होते. १०८०पी मॉनिटरवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी मॉनिटरवर ३६.९ लाख, तर ४के मॉनिटरवर ८२.९ लाख. ग्राफिक्स कार्डावरील भार साधारणपणे याच क्रमाने वाढतो. त्यामुळे स्वस्त संगणकाला ४के मॉनिटर जोडणे ही उधळपट्टी ठरते. स्टीम या विक्रीमंचाच्या मासिक पाहणीतही १०८०पी हेच सर्वाधिक प्रचलित विभेदन असल्याचे वर्षानुवर्षे दिसत आले आहे.

गेमचा प्रकारही महत्त्वाचा असतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक यांसारखे स्पर्धात्मक गेम प्रोसेसरवर अधिक विसंबतात आणि तेथे सेकंदाला १४४ किंवा त्याहून अधिक चित्रे मिळवण्याकडे कल असतो. १४४ हर्ट्झवर एका चित्रासाठी जेमतेम ६.९ मिलिसेकंद मिळतात, ६० हर्ट्झवर १६.७. याउलट सायबरपंक २०७७ सारखा दृश्यप्रधान गेम ग्राफिक्स कार्डाचा कस पाहतो. दोन्ही प्रकारांसाठी एकच आदर्श विभागणी सांगता येत नाही. तरीही मॉनिटर वगळता उरलेल्या रकमेपैकी एक तृतीयांश ते निम्मी रक्कम ग्राफिक्स कार्डासाठी ठेवण्याचा प्रघात आहे. रंगीत दिवे, काचेचे कॅबिनेट, द्रवशीतन यांचा गेमच्या वेगाशी जवळजवळ संबंध नसतो. तरुण ग्राहकांचे मन मात्र तेथेच आधी अडकते.

ग्राफिक्स कार्ड

कार्डाच्या नावातील आकडा हा त्याच्या क्षमतेचा विश्वासार्ह निर्देशक नसतो. एनव्हिडियाच्या जीटी १०३० या कार्डाची २०१७ मधील आवृत्ती जीडीडीआर५ स्मृतीची होती. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ स्मृतीची आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीत स्मृतीचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट, तर दुसऱ्या आवृत्तीत १६.८ गिगाबाइट आहे. खोक्यावरील नाव तेच असले तरी गेममधील फरक सहज जाणवतो. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबी आवृत्त्यांमध्येही केवळ स्मृतीचा फरक नाही: पहिलीत १,१५२ व दुसरीत १,२८० गणनगाभे आहेत.

दुसरी बाब वीजजोडणीची. पीसीआय एक्सप्रेस खाचेतून कार्डाला कमाल ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ व आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट घेता येतात. जीटीएक्स ७५० टीआय (२०१४), जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) आणि जीटीएक्स १६५० (२०१९) या कार्डांच्या मूळ आवृत्त्या केवळ खाचेतील विजेवर चालतात. त्यामुळेच जुन्या कार्यालयीन संगणकाचे रूपांतर करणाऱ्यांमध्ये ती दीर्घकाळ लोकप्रिय राहिली.

तिसरी बाब कार्ड व मदरबोर्ड यांच्यातील मार्गिकांची. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला चारच पीसीआय एक्सप्रेस मार्गिका आहेत आणि स्मृती ४ जीबी आहे. चौथ्या पिढीच्या खाचेत त्याचे काम चालते. परंतु जुन्या, तिसऱ्या पिढीच्या खाचेत मार्गिकांचा वेग निम्म्यावर येतो आणि स्मृती अपुरी पडताच गेम अडखळू लागतो. यातील विसंगती अशी की, स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच जुना मदरबोर्ड असण्याची शक्यता अधिक असते. इंटेलच्या आर्क मालिकेबाबतही असेच घडते. ए७५० (२०२२) किंवा बी५८० (२०२४) ही कार्डे किमतीच्या मानाने सक्षम आहेत. मात्र मदरबोर्डात 'रीसायझेबल बार' ही सुविधा नसल्यास त्यांची कामगिरी लक्षणीय घटते.

१०८०पी साठी रेडिऑन आरएक्स ६६०० हे कार्ड या वर्गातील यशस्वी उदाहरण मानता येईल. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये ३२९ डॉलर इतक्या जाहीर किमतीला आले तेव्हा टंचाईमुळे त्याची उपेक्षा झाली. पुढे किंमत दोनशे डॉलरच्या आसपास उतरल्यावर ८ जीबी स्मृती व १३२ वॅट वीजवापर यांमुळे तेच कार्ड अनेक जुळण्यांचा पाया बनले. कार्डात बदल न होता केवळ किमतीमुळे त्याची योग्यता बदलली. कोणत्याही शिफारशीला तारीख असते, हे यातून ध्यानात येते.

स्मृतीच्या प्रमाणाबद्दल ४ जीबी आता नव्या दृश्यप्रधान गेमसाठी अपुरी ठरते. ८ जीबी १०८०पी ला बहुतांशी चालते, तथापि तेथेही पोताची प्रत कमी ठेवावी लागण्याचे प्रसंग वाढले आहेत. जून २०२१ पासून उपलब्ध असलेल्या एएमडीच्या एफएसआर तंत्राने कमी विभेदनाचे चित्र मोठे करून दाखवता येते व ते इतर कंपन्यांच्या जुन्या कार्डांवरही चालते. एनव्हिडियाच्या डीएलएसएस तंत्राला मात्र आरटीएक्स मालिकेचे कार्ड लागते. काही नवे गेम किरण-अनुरेखनाची यांत्रिक सोय नसलेल्या कार्डांवर चालतच नाहीत. डिसेंबर २०२४ मधील इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल हा त्यांपैकी एक होय.

प्रोसेसर व मदरबोर्ड

अल्पखर्ची जुळणीत चार गाभे व आठ धागे ही किमान, तर सहा गाभे व बारा धागे ही सुखावह पातळी समजली जाते. इंटेलचा कोअर आय३-१२१००एफ पहिल्या आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० दुसऱ्या पातळीचा प्रतिनिधी आहे. दोन्ही २०२२ मध्ये बाजारात आले. इंटेलच्या नावातील 'एफ' या अक्षराचा अर्थ प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही असा होतो. असा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, परंतु ग्राफिक्स कार्ड बिघडल्यास पडद्यावर काहीच दिसत नाही. दुरुस्तीसाठी कार्ड आठवडे अडकून पडण्याची शक्यता असेल तेथे हा वाचवलेला खर्च महाग पडतो.

नावांतील सारखेपणा येथेही फसवा असतो. रायझन ५ ५६००, ५६००जी व ५५०० हे तिन्ही सहा गाभ्यांचे आहेत. पण ५६०० मध्ये तिसऱ्या स्तराची संचिका स्मृती ३२ मेगाबाइट आणि चौथ्या पिढीच्या मार्गिका आहेत. उरलेल्या दोहोंत १६ मेगाबाइट व तिसऱ्या पिढीच्या मार्गिका. वर उल्लेखिलेले चार मार्गिकांचे कार्ड ५५०० सोबत घेतल्यास मदरबोर्ड नवा असूनही तोटा होतोच. दुसरीकडे, ग्राफिक्स कार्डासाठी सध्या पैसेच नसतील तर ५६००जी उपयुक्त ठरतो. त्याच्या अंगभूत ग्राफिक्सवर स्पर्धात्मक गेम हलक्या मांडणीत खेळता येतात व कार्ड पुढे घेता येते. ही वाट २०१८ मध्ये ९९ डॉलरच्या रायझन ३ २२००जी ने प्रथम लोकप्रिय केली.

मदरबोर्ड हा गेमच्या वेगात सर्वांत कमी भर घालणारा आणि भविष्याबाबत सर्वांत जास्त ठरवणारा भाग आहे. एएमडीच्या एएम४ या सॉकेटचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. २०२० मध्ये कंपनीने आरंभी ४०० मालिकेच्या मदरबोर्डांवर पुढील पिढीचे प्रोसेसर चालणार नाहीत असे सांगितले. वापरकर्त्यांच्या तीव्र नाराजीनंतर तो निर्णय बदलण्यात आला. परिणामी २०१७ मध्ये साधा चार गाभ्यांचा प्रोसेसर घेऊन सुरुवात करणाऱ्यास, उत्पादकाने बायोस अद्ययावत केले असल्यास, पाच वर्षांनी त्याच मदरबोर्डावर रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले एएम५ सॉकेट केवळ डीडीआर५ रॅम स्वीकारते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे मदरबोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, मात्र एका मदरबोर्डावर सहसा एकच प्रकार चालतो. खरेदीपूर्वी प्रोसेसर व मदरबोर्ड यांची जुळवाजुळव उत्पादकाच्या संकेतस्थळावरील यादीत पाहावी लागते. केवळ सॉकेट जुळणे पुरेसे नसते. जुने बायोस असलेला मदरबोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाही. काही मदरबोर्डांवर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हमधून बायोस बदलण्याची सोय असते.

रॅम व साठवण

१६ जीबी रॅम हे सध्याचे व्यवहार्य प्रमाण आहे. ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घेणे हे १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा श्रेयस्कर असते. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट वेग देते, तर दोन मार्गांवरील दोन पट्ट्या ५१.२. अंगभूत ग्राफिक्स याच स्मृतीवर जगत असल्याने तेथे हा फरक सर्वाधिक दिसतो. रॅमचा जाहीर वेग आपोआप लागू होत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही मांडणी निवडावी लागते. ती न निवडल्याने महाग रॅम वर्षानुवर्षे कमी वेगाने चालत राहिल्याची उदाहरणे सामान्य आहेत. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदा केंद्रांकडून मागणी वाढल्याने रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या आणि पूर्वी खर्चात नगण्य असलेला हा भाग अडचणीचा बनला.

साठवणीसाठी एसएसडी आवश्यक मानली जाते. साटा प्रकारची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत पोहोचते व एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कित्येक पट; तथापि गेम सुरू होण्याच्या वेळेत या दोहोंतील फरक हार्ड डिस्क व एसएसडी यांच्यातील फरकाच्या तुलनेत किरकोळ असतो.

एसएमपीएस

वीजपुरवठ्याच्या पेटीला भारतात एसएमपीएस याच नावाने ओळखले जाते. कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळणारा एसएमपीएस हा अल्पखर्ची जुळणीतील सर्वाधिक धोक्याचा भाग होय. निकृष्ट बनावटीत अतिरिक्त प्रवाह, अतिरिक्त दाब व लघुमंडल यांपासून संरक्षण अपुरे असते आणि असा एसएमपीएस जळताना मदरबोर्ड, कार्ड व साठवण यांनाही सोबत नेऊ शकतो.

पेटीवरील ठळक आकड्यापेक्षा तिच्या पट्टीवरील १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर दिले आहेत हे पाहणे महत्त्वाचे असते, कारण प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड याच ओळीवर चालतात. समजा, ४५० वॅट असे लिहिलेल्या पेटीवर १२ व्होल्टसाठी १८ अँपिअर नमूद आहेत. तर त्या ओळीची क्षमता १२ × १८ म्हणजे २१६ वॅटच आहे. कोअर आय३-१२१००एफ चा कमाल वीजवापर ८९ वॅट आणि आरएक्स ६६०० चा १३२ वॅट धरल्यास बेरीज २२१ होते. पंखे व डिस्क धरण्याआधीच पेटी अपुरी पडते. प्रामाणिक क्षमतेचा ४५० वॅटचा एसएमपीएस याच जोडीला पुरून उरतो.

२००४ पासून दिले जाणारे '८० प्लस' हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे. मूळ पातळीत २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता अपेक्षित असते. त्यावर ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम व टायटॅनियम या पातळ्या आहेत. ते सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नाही, असा गैरसमज मात्र रूढ आहे. तरीही प्रमाणपत्र नसलेल्या पेट्यांपेक्षा ब्रॉन्झ पातळीची पेटी निवडणे अधिक भरवशाचे असते.

भारनियमन किंवा वारंवार वीज जाणाऱ्या भागांत यूपीएसचा विचार याच टप्प्यावर करावा लागतो. ६०० व्हीए क्षमतेचे अनेक घरगुती यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतात. शिवाय सक्रिय पॉवर फॅक्टर दुरुस्ती असलेले काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायरीसदृश तरंगावर अडखळतात आणि वीज जाताच संगणक बंद पडतो.

कॅबिनेट व शीतन

कॅबिनेटच्या दर्शनी भागात जाळी असणे आणि हवा आत येण्याचा व बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा असणे पुरेसे असते. खोलीचे तापमान जितके वाढते, जवळपास तितकेच भागांचेही वाढते. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या उन्हाळ्यात, थंड देशांतील चाचण्यांचे तापमानाचे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. बंद काचेच्या दर्शनी भागाचे कॅबिनेट तेथे विशेष गैरसोयीचे ठरते. मध्यम प्रोसेसरसोबत येणारा पंखा सहसा चालून जातो.

वापरलेले भाग

२०२२ नंतर खाणकामातून निवृत्त झालेली बरीच ग्राफिक्स कार्डे जुन्या बाजारात आली. सतत चाललेल्या अशा कार्डात चिपपेक्षा पंखे व उष्णतावाहक लेप आधी झिजतात, व हे दोन्ही कमी खर्चात बदलता येतात. बदललेले बायोस आणि संपलेली हमी हे त्याहून मोठे प्रश्न आहेत. याशिवाय जुन्या कार्डाचे बायोस बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय यांसारखे नवे नाव देण्याचे प्रकारही आढळतात. जीपीयू-झेड ही विनामूल्य आज्ञावली चालवून चिपची खरी ओळख पडताळता येते. विक्रेत्याच्या समोर अर्धा तास गेम चालवून पाहणे हा आणखी सोपा उपाय होय.

कार्यालयांनी काढून टाकलेले नामांकित कंपन्यांचे संगणक हा सर्वांत स्वस्त प्रारंभ असतो. त्यांचा एसएमपीएस व मदरबोर्ड बहुधा कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, ग्राफिक्स कार्डासाठी जादा जोडणी नसते आणि अरुंद कॅबिनेटमध्ये कमी उंचीचेच कार्ड बसते. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० व अधिकृत यादीतील प्रोसेसर लागतो, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर त्या यादीबाहेर आहेत. लिनक्सवर व्हॉल्व्हच्या प्रोटॉन या प्रणालीमुळे २०१८ पासून विंडोजचे असंख्य गेम चालू लागले. व्हॅलोरंट मात्र तेथे चालत नाही, आणि अल्पखर्ची संगणक घेणाऱ्यांपैकी अनेकांना नेमका तोच गेम खेळायचा असतो.

भारतातील बाजार

मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रस्ता (अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, दिल्लीतील नेहरू प्लेस, बंगळुरूतील एस.पी. रोड आणि चेन्नईतील रिची स्ट्रीट ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची व सुट्या भागांची जुनी केंद्रे आहेत. ऑनलाइन विक्री वाढल्यावरही तेथे समोरासमोर भाव ठरवणे, जुळणी करून घेणे व जुना भाग देऊन नवा घेणे चालू आहे.

परदेशी चाचण्यांतील डॉलरमधील किमती भारतात रुपयांत रूपांतरित करून चालत नाहीत. बहुतेक भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, म्हणजे २०,००० रुपयांच्या मूळ किमतीवर ३,६०० रुपये. त्यात वाहतूक व वितरकाचा नफा मिळतो. परिणामी अमेरिकेत किमतीच्या दृष्टीने सरस ठरलेले कार्ड येथे तसे असेलच असे नाही. बिलाशिवाय विकल्या जाणाऱ्या मालात कराइतकी रक्कम वाचल्यासारखी वाटते, परंतु हमीच्या दाव्यासाठी अनेक उत्पादक बिल मागतात आणि काही हमी केवळ भारतातील अधिकृत आयातदारामार्फत आलेल्या भागांनाच मिळते. त्यामुळे तीन वर्षांची हमी असलेल्या भागाच्या अनुक्रमांकाची बिलावर नोंद करून घेण्याची प्रथा या बाजारांत रूढ आहे.